जुनं कन्सोल, नवा टीव्ही, त्याहून जुनं होम थिएटर: काय कुठे जोडायचं?

जुनाट_माळा (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. सामान असं:

पीएस२ (प्लेस्टेशन २) स्लिम, भारतातच घेतलेलं, त्यामुळे पाल (आपल्याकडची टीव्हीच्या चित्राची पद्धत). सोबतची मूळ पिवळी-पांढरी-लाल वायर. टीव्ही ४३ इंची, गेल्या दिवाळीतला. आणि एक ५.१ (पाच स्पीकर आणि एक बासचा) होम थिएटर, ज्याच्या मागे आवाज आत घ्यायचं लाल-पांढरं ऑक्स आहे आणि 'ऑप्टिकल' लिहिलेलं चौकोनी भोक आहे.

टीव्हीला तीन रंगांची भोकं नाहीतच. हेडफोनसारखं एकच भोक, वर 'एव्ही इन' लिहिलंय. टीव्हीसोबत आलेली वायर (एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्याला तीन रंगांची भोकं) घर बदलताना हरवली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून तशीच दिसणारी आणली. ती लावली की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज आणि पडदा काळा. दुकानदार म्हणतो कन्सोल गेलं, नवं घ्या. पण दिवा हिरवा लागतो, डिस्क फिरल्याचा आवाज येतो. खरंच गेलंय का हे?

खटपट्या

दुकानदाराला नवं विकायचंय, एवढंच. वायर बदला.

सोल्डरवाला

कन्सोल गेलेलं नाही, उलट ते घूंऽऽ हाच त्याचा पुरावा आहे. पालचं चित्र सेकंदाला ५० वेळा रंगवलं जातं. हा चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने स्पीकरमध्ये शिरला की अशीच घरघर ऐकू येते. म्हणजे चित्र निघतंय, पोचतंयसुद्धा, फक्त भलत्या घरात.

आता हे का होतं ते जरा सविस्तर. त्या पिनवर तीन रेघा असतात, म्हणजे धातूचे चार भाग: डावा आवाज, उजवा आवाज, व्हिडिओ आणि ग्राउंड. यांचा क्रम काय असावा यावर कंपन्यांचं एकमत कधीच झालं नाही. एका प्रकारात टोकापासून डावा, उजवा, ग्राउंड आणि मुळाशी व्हिडिओ. जुन्या हँडीकॅमच्या वायरींत डावा, मग व्हिडिओ, मग ग्राउंड आणि मुळाशी उजवा. याखेरीज काही टीव्हीवाल्यांचं आपलं तिसरंच. दिसायला सगळ्या वायरी सारख्या, आणि दुकानात मागताना आपण 'टीव्हीची एव्ही वायर द्या' एवढंच म्हणतो.

ग्राउंड दोन्हीकडे एकाच जागी असेल तर काम फुकटात होतं. रंगांकडे लक्ष न देता कन्सोलची पिवळी पिन एकेक करून त्या आणलेल्या वायरीच्या लाल आणि पांढऱ्या भोकात घालून बघा. असं केल्याने काही जळत नाही, हे सिग्नल अगदी अशक्त असतात. तिन्ही भोकांत चित्र नाही आलं तर ग्राउंडच वेगळ्या जागी आहे, मग टीव्हीच्या मॉडेल नंबरवरून वायर मागवा. मल्टीमीटर असेल तर बीप मोडवर कुठला भाग कुठल्या रंगाला जातो ते मिनिटात कळतं.

जुनाट_माळा

सोल्डरवाला, तुम्हाला एक चहा लागू! पिवळी पिन लाल भोकात घातली आणि चित्र आलं. पण रंग नाहीत. कृष्णधवल, आणि सगळ्या चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी. आधी वाटलं गेमचीच सुरुवात तशी असेल.

सोल्डरवाला

ती जाळी म्हणजेच रंग. टीव्हीला तो ओळखता येत नाहीये, म्हणून तो रंगाचा सिग्नल उजेड-अंधार समजून छापतोय. कारणं दोन. एक, सोर्स 'कंपोनंट' (चित्र तीन तारांत वाटून आणणारी जोडणी) निवडलेला असेल. काही टीव्हींत हिरवं आणि पिवळं भोक एकच असतं आणि सोर्सच्या यादीत दोन नावं असतात, तिथे 'एव्ही' निवडा. दुसरं, चित्राच्या सेटिंगमध्ये 'कलर सिस्टीम' शोधा. पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर बसतो, एनटीएससीचा (अमेरिका-जपानच्या पद्धतीचा) ३.५८ वर. तिथे एनटीएससी पक्कं करून ठेवलं असेल तर पालचं चित्र कृष्णधवलच दिसणार. 'ऑटो' करा. हा पर्याय बऱ्याच टीव्हींत एव्हीला काहीतरी जोडलेलं असतानाच दिसतो, एरवी लपलेला असतो.

जुनाट_माळा

कलर सिस्टीमच! ऑटो केलं आणि रंग आले. चित्र मात्र भलतंच धुरकट आहे हो. लहानपणी इतकं वाईट दिसत नव्हतं, की डोळेच तेव्हा चांगले होते?

डलासकर

डोळे ठीक आहेत. 😀 तेव्हाचा टीव्ही २१ इंची आणि काचेचा जाड डबा. पालच्या ६२५ रेषा (त्यातल्या दिसणाऱ्या ५७६) तिथे शोभायच्या. आता त्याच ४३ इंचांवर ताणल्या जातात, शिवाय पिवळ्या वायरीत रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले. पीएस२ला कंपोनंट वायर (हिरवी-निळी-लाल, वर आवाजाच्या दोन) मिळते, तिने पुष्कळ फरक पडतो.

खटपट्या

नव्या टीव्हीला कंपोनंट कुठे असतं हल्ली? त्यापेक्षा पीएस२च्या मागे लागणारा एचडीएमआयचा छोटा ठोकळा घ्या. स्वस्तात मिळतो. आणि तिथे गेलाच आहात तर दुसरा डबा चुकून घेऊ नका: 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही' दिसायला जुळे भाऊ असतात, पण प्रत्येक जण आपल्या एकाच दिशेने चालतो. उलटा घेतला की जन्मभर निळा पडदा. आमच्या ऑफिसातल्या एकाने तो उलटा डबा लॅमिंग्टन रोडवर परत करायला नेला तर दुकानदार म्हणाला, रोज चारदोन जण याचसाठी येतात.

सोल्डरवाला

ठोकळ्याबद्दल दोन सूचना. तो आतून कंपोनंटच वापरतो. त्यामुळे पिवळी वायर काढायच्या *आधी* डिस्क न घालता पीएस२ सुरू करा, 'सिस्टीम कॉन्फिगरेशन'मध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' असेल तिथे आरजीबी नको, वाय सीबी सीआर वालं निवडा. आरजीबीवर राहिलं तर ठोकळा लावल्यावर रंगांची पार वाट लागते, आणि लोक ठोकळा खराब म्हणून परत करतात. दुसरं, पीएस१च्या डिस्क घालणार असाल तर अपेक्षा कमी ठेवा. ते गेम एकाआड एक रेषांऐवजी कमी रेषांचं सरळ चित्र पाठवतात आणि पुष्कळ नव्या टीव्हींना ते स्वस्त ठोकळ्यातून पचत नाही. तिथे पिवळी वायरच बरी.

जुनाट_माळा

ठोकळा मागवतो. तोवर आवाजाचं सांगा. पांढरी आणि लाल पिन थेट होम थिएटरच्या ऑक्सला जोडली, चित्र टीव्हीवर. आवाज दणदणीत! पण गाडी धडकल्याचा आवाज आधी येतो आणि गाडी नंतर धडकते. आवाज उशिरा आल्याचं ऐकलं होतं, इथे चित्रच उशिरा येतंय.

सोल्डरवाला

बरोबर आहे, आणि हा प्रश्न फार कमी लोक नीट मांडतात. कन्सोलपासून ॲम्प्लिफायरपर्यंत आवाज तांब्याच्या तारेतून गेला, मध्ये कोणी अडवलं नाही. चित्राला मात्र टीव्हीने थांबवलं: आधी एकाआड एक रेषा जोडून पूर्ण चित्र केलं, मग ताणलं, मग गुळगुळीत केलं, मग दाखवलं. जुन्या डबा टीव्हीत यातलं काहीच नव्हतं, सिग्नल आला की काचेवर उमटला.

पहिला उपाय 'गेम मोड'. एचडीएमआयला तो बहुधा असतो, एव्हीला काही टीव्हींतच. याने बटण दाबणं आणि उडी मारणं यातलं अंतरही कमी होतं, ते आवाजापेक्षा महत्त्वाचं. दुसरा उपाय, पांढरी-लाल टीव्हीला द्या आणि टीव्हीतून आवाज होम थिएटरला काढा. टीव्ही आपल्या चित्राच्या वेगाने आवाज सोडतो, म्हणून जोडी जमते. टीव्हीच्या मागे 'ऑप्टिकल आउट' असेल तर ती वायर घ्या, तुमच्या होम थिएटरला भोक आहेच. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल आउट' पीसीएमवर (म्हणजे न दाबलेल्या आवाजावर) ठेवा.

थेट कन्सोलच्या ऑप्टिकलमधूनही काढता येईल. पीएस२ स्लिमला ते आहे आणि मेनूत 'डिजिटल आउट' चालू करावं लागतं. मात्र गेमचा आवाज त्यातून बहुतांशी दोनच चॅनलचा निघतो. डॉल्बी प्रो लॉजिक २ (दोन चॅनलांतच मागचा आवाज लपवून पाठवायची पद्धत) असलेले गेम पुष्कळ आहेत, होम थिएटरवर तो मोड लावला तर मागचे स्पीकर बोलतात. खरं ५.१ बहुतेक डीव्हीडी सिनेमांतच.

खटपट्या

एक वायर फाडून दोन ठिकाणी आवाज देता येतो, हेही सांगून ठेवतो. एका आउटपुटमधून दोन इनपुटांना वाय वायर चालते. उलट करू नये, म्हणजे दोन यंत्रांचे आउटपुट एका वाय वायरीत बांधून एका ऑक्सला देऊ नये. ती दोन आउटपुटं एकमेकांशी भांडतात.

कोथरूडची_आई

धाग्यात मध्येच घुसते, राग मानू नये. आमच्याकडे पीएस५ आहे. टीव्हीला साउंडबार एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच बाहेर काढायची सोय) जोडलाय. खोक्यावर ५.१, मागे ठेवायचे दोन स्पीकर वेगळे. सिनेमा लावला की मागून आवाज येतो, गेम लावला की मागचे स्पीकर गप्प. मुलगा म्हणतो गेमच तसा आहे. मला पटत नाही. एवढे पैसे घातलेत.

सोल्डरवाला

ताई, मुलाचं ऐकू नका. पीएस५ मुळात आवाज न दाबता, लिनियर पीसीएममध्ये पाठवतं. सहा चॅनलचा तसा आवाज साध्या एआरसीत मावत नाही, तिथे पीसीएम दोनच चॅनलचा जातो. दाबलेला डॉल्बी मात्र मावतो. सिनेमा डॉल्बीत येतो म्हणून मागचे स्पीकर जागे होतात.

सेटिंग्ज, साउंड, ऑडिओ आउटपुट. तिथे एचडीएमआय उपकरण काय आहे ते विचारतात, त्यात साउंडबार निवडा. मग ऑडिओ फॉरमॅटच्या जागी डॉल्बी ऑडिओ निवडा. डीटीएस (डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत) नको, पुष्कळ नवे टीव्ही ते पुढे जाऊच देत नाहीत. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट' ऑटो किंवा पासथ्रू करा, पीसीएम नको (वर धागाकर्त्याला उलट सांगितलंय, कारण त्यांचा आवाज मुळातच दोन चॅनलचा आहे). टीव्ही आणि साउंडबार दोन्हींवर 'ई-एआरसी' (एआरसीची सुधारित आवृत्ती) लिहिलं असेल तर ते चालू करा आणि पीसीएमच राहू द्या. ई-एआरसीत पूर्ण आवाज मावतो आणि डॉल्बी दाबण्यात जाणारा वेळही वाचतो.

कोथरूडची_आई

झालं! मागून गोळीबार सुरू झाला आणि चिरंजीव घाबरले. 😂 आता दुसरं: टीव्हीच्या एका एचडीएमआयवर '४के १२०' (४के चित्र, सेकंदाला १२० वेळा) लिहिलंय आणि त्याच भोकावर ई-एआरसीही. साउंडबार तिथे लावलाय. मग कन्सोल कुठे लावू?

डलासकर

ही टीव्हीवाल्यांची जुनी काटकसर आहे. अनेक मॉडेलांत १२० हर्ट्झची भोकं दोनच असतात आणि त्यातलं एक ई-एआरसीला जातं. उरलेल्या दुसऱ्या १२०च्या भोकात कन्सोल लावा. एकच असेल तर साउंडबारच्या मागे 'एचडीएमआय इन' बघा. पण साउंडबारमधून ४के १२० पुढे जातं का हे त्याच्या पुस्तिकेत आधी तपासा, स्वस्तातल्या बहुतेकांतून जात नाही. शेवटचा पर्याय, ६० हर्ट्झवर समाधान माना. बहुसंख्य गेम ६० किंवा त्याखालीच चालतात.

टीव्हीत त्या भोकासाठी वेगळं सेटिंगही चालू करावं लागतं. सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'डीप कलर' असं काहीतरी नाव असतं. ते बंद असेल तर कन्सोलला वाटतं टीव्हीच साधा आहे, आणि एचडीआर (जास्त उजळ-गडद छटांचं चित्र) दिसतच नाही.

आणि 'एचडीएमआय २.१ केबल' अशी अधिकृत गोष्ट नसते. पाकिटावर 'अल्ट्रा हाय स्पीड' आणि स्कॅन करता येणारं लेबल असेल तीच ४८ गिगाबिटवाली. कन्सोलच्या खोक्यातली वायर चांगली असते, आधी तीच वापरा.

रत्नांग्रीचा_तात्या

पीएस५ जुन्या टीव्हीवर नेलं तर नुसता काळा पडदा. आवाजही नाही. गावच्या घरी पोरं रडकुंडीला आली आहेत. लवकर सांगा कायतरी.

सोल्डरवाला

तात्या, नव्या टीव्हीला शोभणारं चित्र ते जुन्याला पाठवत असेल. कन्सोल पूर्ण बंद करा. पॉवरचं बटण दाबून धरा, एक बीप ऐकू येईल, सोडू नका, काही सेकंदांनी दुसरा बीप आला की सोडा. सेफ मोड येईल. कंट्रोलर वायरीने जोडा, पीएस बटण दाबा. दुसऱ्या क्रमांकाच्या 'चेंज व्हिडिओ आउटपुट'मध्ये रिझोल्यूशन कमी करता येतं, तरी नाही आलं तर तिथेच एचडीसीपी (चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) १.४ निवडा. खालच्या 'रीसेट पीएस५'ला चुकूनही हात लावू नका, सगळा डेटा जाईल.

हीच युक्ती पीएस४लाही चालते. पीएस३वर सेफ मोडची गरज नाही, बंद असताना बटण दुसऱ्या बीपपर्यंत धरलं की व्हिडिओ सेटिंग मूळपदावर येतं.

रत्नांग्रीचा_तात्या

आला! १.४ केल्यावर आला. पोरांनी मला आता इंजिनिअर ठरवलंय. पण वायर लावताना टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लागला तर झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर लुकलुकतो. हे काय प्रकरण?

सोल्डरवाला

याकडे दुर्लक्ष नको. टीव्ही, पीएस५, सेट टॉप बॉक्स बहुधा दोन पिनांवर चालतात, त्यांना अर्थिंग नसतं. आतल्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सपासून बाहेरच्या धातूपर्यंत एक बारीक कपॅसिटर असतो, तो गोंगाट दाबण्यासाठी मुद्दाम घातलेला. अर्थिंग नसलं की त्यातून धातूवर मेन्सच्या सुमारे निम्मे, म्हणजे ११० ते ११५ व्होल्ट तरंगतात. प्रवाह अगदी किरकोळ, म्हणून झिणझिण्या, झटका नाही.

माणसाला सहसा काही होत नाही, एचडीएमआयच्या भोकाला होतं. वायर घुसवताना एका यंत्रावरचा हा साठा दुसऱ्यावर उडी मारतो आणि ती ठिणगी नाजूक पिनांमधून गेली तर पोर्ट जातो. आपल्याकडे पावसाळ्यात पोर्ट जळण्याच्या निम्म्या कहाण्यांत केबलवाल्याची गोल वायर असते. तिचा ॲम्प्लिफायर पलीकडच्या इमारतीत, दुसऱ्याच मीटरवर. म्हणून नियम: दोन्ही यंत्रं भिंतीच्या बटणावरून बंद, केबलची गोल वायर काढलेली, मग एचडीएमआय लावा, मग गोल वायर, मग वीज. ढग गडगडू लागले की गोल वायर बाहेर.

झिणझिण्यांऐवजी खरा झटका बसला, किंवा अर्थिंग असलेल्या यंत्राच्या धातूवरही टेस्टर पेटला, तर हा धागा सोडून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जुनाट_माळा

होम थिएटरमधून बारीक हुंऽऽ येतं ते याच्याशी संबंधित आहे का? गेम बंद केला तरी चालू राहतं.

सोल्डरवाला

त्याचाच भाऊ. केबलची गोल वायर काढून बघा. हुं थांबलं तर एका बाजूला केबलवाल्याचं अर्थिंग, दुसऱ्या बाजूला तुमच्या होम थिएटरचं, आणि तांब्याच्या वायरीने दोन्ही जोडून वेटोळं तयार झालंय. ऑप्टिकल वायर लावली की ते तुटतं, कारण तिच्यातून फक्त उजेड जातो. मघाशी सुचवलेल्या ऑप्टिकलचा हा दुसरा फायदा. तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन कापून हुं घालवणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका.

डलासकर

अवांतर, पण निन्टेंडोच्या पहिल्या स्विच कन्सोलवाल्यांसाठी. भारतात बरेच जण अमेरिकेतल्या आमच्यासारख्यांकडून मागवतात, म्हणून लिहितो. डॉकला (स्विच टीव्हीला जोडायच्या स्टँडला) मोबाइलचा साधा चार्जर लावला तर बॅटरी कदाचित भरेल, टीव्हीवर चित्र येणार नाही. डॉकला १५ व्होल्ट, २.६ अँपिअर लागतात. अमेरिकेतला मूळ ॲडाप्टर २३० व्होल्टवर चालतो, वर १००-२४० छापलेलं असतं, फक्त पिन बदलणारा सॉकेट घ्या. तरी चित्र नाही आलं तर ॲडाप्टर दोन्ही टोकांनी काढून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा लावा. आणि ताईंसारखा प्रश्न आला तर लक्षात ठेवा की स्विच डॉल्बी पाठवतच नाही, त्याचं ५.१ फक्त पीसीएममध्ये. साध्या एआरसीवर दोनच चॅनल मिळतील. ई-एआरसी हवं किंवा थेट साउंडबारच्या एचडीएमआय इनमध्ये.

जुनाट_माळा

ऑप्टिकल लावली, हुं गेलं. ठोकळाही आला, रंग पहिल्या फटक्यात बरोबर. आता भाचा विचारतोय, माळ्यावरचा पिवळ्या कॅसेटचा गेम आणि बदकं मारायची बंदूक लागेल का?

खटपट्या

कॅसेटवाल्याच्या बाजूला पिवळं आणि एकच पांढरं भोक असेल तर अँटेनाच्या भानगडीत पडू नका, तिथूनच जोडा. आवाज एकाच बाजूचा आहे, तो टीव्हीच्या पांढऱ्यात द्या. ॲडाप्टर हरवला असेल तर कुठलाही लावू नका, आधी खाली छापलेलं अधिक-उणेचं चित्र बघा. त्या काळच्या पुष्कळ यंत्रांत मधली पिन उणे असायची, आणि आजचे बहुतेक ॲडाप्टर उलटे.

बंदूक विसरा. चाप ओढला की गेम पडदा क्षणभर काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि त्याच क्षणी बंदूक तो उजेड शोधते. नव्या टीव्हीवर चौकोन उशिरा उमटतो, तोवर तिचं बघून झालेलं असतं. बदकं मारायची तर डबा टीव्हीच हवा.

रत्नांग्रीचा_तात्या

डबा टीव्ही आमच्याकडे पडवीत आहे. चालू आहे. घेऊन जा, पण उचलायला दोन माणसं आणा.